रात्रपाळी, इब्री

रात्रीचे दोन. मोबाइलच्या गेममध्ये मी गावचा डॉक्टर.
सुताराची दाढ उपटली, चुकीची.
वीस नाणी मिळाली.
सरपंच गेले तेव्हा पडद्यावर फुलं उधळली गेली:
अभिनंदन! स्मशानाची लेव्हल वाढली.
लाकडंवाला हल्ली लांबूनच हात जोडतो.

दारावर टकटक. तेकबहादूर,
परांचीवरून दुपारी उतरलेला, छातीवर हात.
"थोडं जड वाटतं, डॉक्टरसाब."
मी गुहागरचा कंपाउंडर.
डॉक्टर मस्कतला, फोन बंद.
कपाटात पॅरासिटामॉल, आणि कंपनीचा शिक्का:
कामास योग्य.

गोळी घेऊन तो बाकावर टेकला,
माझ्या पडद्यात डोकावला.
"हा म्हातारा मरणार?"
"मेला तर पुन्हा पहिल्यापासून."
तो हसला, छाती धरूनच.
"हसताना दुखतं का रे?"
रात्रभरातला माझा पहिला डॉक्टरी प्रश्न.
"तेव्हाच नाही," तो म्हणाला.

मग मी त्याला सरपंचाचा किस्सा सांगितला,
सुताराचा, लाकडंवाल्याच्या मिठाईचा,
अँब्युलन्सचे दिवे कुंपणाशी येईपर्यंत.

शिक्क्याची शाई वाळून गेली होती.
गेम तसाच पॉजवर, दारात पेशंटांची रांग.
डॉक्टर जागेवर नव्हता,
त्या रात्री गावात कोणी मेलं नाही.