लाल खुणेची चावी

फहाहीलमध्ये ऑगस्टात गार पाणी
लाल खुणेच्या चावीला येतं.
निळीला येतं ते गच्चीवरच्या टाकीतलं,
दिवसभर तापलेलं, बोट धरवत नाही.
म्हणून जूनमध्येच गीझर बंद करायचा,
एसीच्या गारव्यात त्याच्या पोटातलं पाणी निवू द्यायचं
आणि आंघोळीला लाल फिरवायची.
हे पहिल्याच उन्हाळ्यात बिजूने शिकवलं.

बिजू गेला. कायमचा, कोट्टयमला.
जाताना डिशवॉशर देऊन गेला, अठरा दिनारांत,
ओट्यावर मावेल एवढा.
पाइप होता, तोटीला लावायचा तुकडा नव्हता.
"कुठल्यातरी खोक्यात पॅक झाला," म्हणाला,
विमानतळावरून.

पुस्तिकेत सहा भाषा, त्यांत आपली नाही,
पण चित्र सगळ्यांना एकच:
निळ्या चावीवर बरोबरची खूण,
लाल चावीवर फुली.

मी रिफायनरीत चोवीस इंची लाइन तपासतो.
पाणी भरायचं, दाब चढवायचा,
चोवीस तास काट्याकडे बघायचं.
काटा हलला नाही की सही.
आणि घरच्या तोटीचे आटे मला कळेनात.
बावीस मिलिमीटर की चोवीस?
आतून की बाहेरून?
पहिला तुकडा सैल निघाला,
दुसरा दीड आटा चढून अडकला.
तिसऱ्या खेपेला तोटीचं तोंडच काढून खिशात घातलं,
कमरुद्दीनच्या गल्ल्यावर ठेवलं.
त्याने डब्यात हात घातला, बघत होता भलतीकडेच,
बोटांनीच ओळखून एक पितळी तुकडा वर काढला.
अर्धा दिनार. वायसर फुकट.

हे सगळं सुवार्तासाठी.
वॉर्डात दर पेशंटमागे हात धुवायचे,
मग जेल, मग रबरी मोजे, मोजे काढले की पुन्हा जेल.
पेरांना भेगा पडल्यात,
भाकरी थापताना गरम पाणी झोंबतं.
भांडी मी घासत जाईन म्हणालो होतो.
घासायचोही,
आठवड्यातून दोनदा, तेही मोजून,
आणि घासल्याचं सांगून.

पहाटे साडेपाचला पांढऱ्या टेपचे पाच वेढे दिले,
हाताने आवळलं, मग पान्याने पाव फेरा.
जास्त नाही, पितळ मऊ असतं.
सहा माणसांचं मशीन म्हणे,
आमचं काठाचं एकही ताट त्यात उभं राहिना.
सासूबाईंचं नाव घातलेलं ताट तिरपं करून पाहिलं,
दार लागेना.
शेवटी ताटल्या, वाट्या, पेले.
कढई बाहेरच.
पुस्तिका मिटली आणि लाल चावी सोडली.
मशीन जरा थांबलं, घशात गुळगुळलं,
मग प्यायला लागलं.
मी टॉर्च घेऊन सांध्यासमोर स्टुलावर बसलो.
सवय.

साडेसातला ती आली.
"नळाला काय बांधून ठेवलंयस? पाणी कुठलं पिऊ?"
"अजून चाळीस मिनिटं."
हसली नाही. फ्रिजमधली बाटली काढली,
अर्धी उभ्यानेच संपवली,
आणि गणवेशातच खाली बसली,
पाठ ओट्याच्या फळीला टेकून.
आत वाट्यांवर पाणी आपटत होतं,
पत्र्यावर वाजावं तसं, थांबून थांबून.
"गळतंय का रे?"
"बघतोय."
तिने बसल्या बसल्या हात वर केला,
पाइपाखाली तळवा धरला, उताणा,
एखाद्याच्या ओठांशी श्वास चाचपावा तसा.
"कोरडं आहे."

हात हळूहळू मांडीवर उतरला.
मान कलली.
मशीन दोनदा वाजलं, तिसऱ्यांदा वाजलं.
तुकडा सोडवून तोटी मोकळी करायची होती,
पण पान्याचा आवाज झाला असता.
टॉर्च विझवला.

कढई राहिली होती.
ती मी बाटलीतल्या उरलेल्या पाण्याने घासली,
कडी वाजू न देता,
आणि याबद्दल तिला
अजून काही बोललो नाही.