शीग

गुरुवारी दोन ते चार
ग्रंथालयाच्या कोपऱ्यात मी बसते,
म्हाताऱ्यांच्या फोनमधल्या गाठी सोडवत.
आज तेल्लेर्वो आली. बुटांचा बर्फ दारात झटकून म्हणाली,
"दवाखान्याचं पत्र येत नाही. जागा भरली म्हणे.
एवढुसा फोन, त्यात मी असं काय कोंबलंय?"

पंधरा जीबीचं माप, शिगोशीग.
लाल पट्टी काठाला टेकलेली.

मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावली.
सगळ्यात वर एक व्हिडिओ: एक्केचाळीस मिनिटं, काळाकुट्ट.
"हा आधी काढू," मी म्हणाले, "यात काहीच नाही."
ती म्हणाली, "आवाज वाढव."

बर्फावर बूट. कुरकुर, कुरकुर.
नाक ओढणं. एक शिवी, बहुधा कुत्र्याला.
पुन्हा बूट.
ताउनो सरपण आणायला गेला होता,
खिशात कॅमेरा चालू राहिलेला.

एकतीस वर्षं तो कागद गिरणीत, तिसऱ्या मशीनवर.
गिरणी बंद पडली. त्याच भिंतींत आता सर्व्हर घरघरतात
खाडीचं गार पाणी पिऊन.
"मग हा आवाज असतो कुठे?"
नक्की मलाही माहीत नाही. इथे, किंवा आयर्लंडात,
किंवा दोन्हीकडे थोडा थोडा.
"इथेच असेल. त्याला तिथली वाट ठाऊक आहे."

महिन्याला दोन युरो भरले की मोठं माप मिळतं.
"आणि मी मेल्यावर कोण भरणार?"
याला बटण नाही.

मग तिनेच बोट टेकवलं. व्हिडिओ टोपलीत.
पट्टी हलली नाही.
मी सांगितलं, टोपलीतलंही मापात धरतात,
तीस दिवस.
ती हसली, डोळे पुसावे लागेपर्यंत.
"निवृत्त झाल्यावर अगदी असाच होता.
कामाचा नाही, आणि जागा मात्र पुरती!"

शेवटी अळंब्यांवर आलं.
दोनशे बारा फोटो, सगळे सप्टेंबरचे, कायमचे पुसले.
पट्टी काठापासून नखभर खाली आली.

चौथ्या गुरुवारी ती पुन्हा हजर,
वेलदोड्याचा पाव रुमालात बांधून.
"दोन दिवस उरलेत ना? काढ बाहेर."
काढला.
"आता परत टाक."
टाकला. पुन्हा तीस.

दवाखान्याचं पत्र आलं का, विचारलं.
आलं, म्हणाली,
आणि पावाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.