शेवटचा रकाना

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
वाचनालयाच्या माडीवर तीन टेबलं जोडून
आम्ही तिघं परीक्षक सकाळपासून हरतोय.
हरणंच बरं. जिंकणाऱ्याला कुठलाही खेळ चांगला वाटतो,
असं इनास लोबो म्हणतो,
ज्याने तीस वर्षं कॅरमच्या सामन्यांत पंचगिरी केली
आणि स्वतः एकदाही राणी घेतली नाही.

एकोणीस खोके आलेत, बक्षीस एकच.
तक्त्याचा शेवटचा रकाना :
पुन्हा खेळावासा वाटतो का? वीसपैकी.
तिथे आल्यावर पेन हमखास अडतं.

नियम मी मोठ्याने वाचते.
तहसील कचेरीत बावीस वर्षं सातबारे वाचलेली बाई मी,
'परंतु' आणि 'वगळून' यांच्या मधल्या फटीत
माणूस कुठे पडतो ते मला नेमकं दिसतं.
एका पुस्तिकेत लिहिलंय : खेळाडूने योग्य ती चाल करावी.
योग्य ती!
शबाना सोलकर इतकी हसते की तिचा फासा
कपाटाखाली जातो.
तिथे किती पडले कोण जाणे,
नियमांत कपाट नाही.

पुण्याहून आलेला खोका सगळ्यांत देखणा.
पत्त्यांना झिलई, राजांच्या मिशांना सोनेरी वर्ख.
अकराच्या सुमारास खारं वारं आत आलं
आणि पत्ते उन्हातल्या पापडासारखे वळले.
मग लांबूनच कळायला लागलं
राजा कुणाच्या हातात आहे,
वर्खामुळे तो जास्त वाकतो.
गुण कापा, इनास म्हणाला.
हवेची चूक, त्याचे गुण का कापायचे, शबाना म्हणाली.
त्यावर चहाच्या दोन फेऱ्या भांडण.

आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून आलेली 'रापण'.
आचऱ्याच्या कुणा इंजिन-मेकॅनिकने केलेली,
प्लायवूडची किनार, कवड्यांचे मासे,
खऱ्या जाळ्याचा हातभर तुकडा, त्याला अजून वास.
दोर सुटला की खेळाडू बाद.
माझा दुसऱ्याच फेरीत सुटला.
पुढे एक तास दहा मिनिटं मी खिडकीशी बसून
बर्फाच्या गाडीतून लाद्या उतरताना मोजल्या.
बाद झालेल्याने त्यानंतर काय करायचं असतं
हे कुठलीच पुस्तिका सांगत नाही.
मी लिहिलं : चार.

जेवून परत आलो तर
शिपाई भिकाजी आरोलकर आणि बर्फवाल्याची दोन पोरं
'रापण' मांडून बसलेली.
एक पोर बाद झालेलं, तरी टेबलाशीच,
गाल फुगवून फुंकर मारतंय
आणि दुसऱ्याची होडी एक घर मागे सरकवतंय.
"ह्यो काय करता?"
"तो आता वारो."
"हो नियम खंय लिवलोहा?"
"खंय नाय. नुसतो बसान रवाचो कंटाळो इलो तेका."

इनास तापला. आपण डबा तपासतो, भिकाजीला नाही.
शबाना म्हणाली, भोक आहे खरं,
पण पोरांनासुद्धा बुजवता यावं असं भोक
करायलाही अक्कल लागते.
करणाऱ्याला ते ठाऊक होतं का, इनासने विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
मला आठवत होत्या त्या पायवाटा
ज्या एकाही नकाशावर नव्हत्या
आणि ज्यांच्यावरून सगळा गाव जायचा.
वहिवाट म्हणतात तिला. दाव्यांत ती कधी टिकायची,
कधी नाही.

चारावर काट मारली.
शेजारी आकडा लिहायचा राहिलाय.
साडेसात झाले, ग्रंथपालाने किल्ल्या वाजवल्या,
एक दिवा मालवलासुद्धा.
अर्ध्या उजेडात भिकाजीने मान वर न करता सांगितलं :
"थांबा वायच.
आता वारो मी."