ओळ दोनशे चौदा

परकार, रविवारी तू या खुर्चीत बसशील.
एसी ठिबकतो, खाली बादली ठेवली आहे.
पगाराची फाइल उघडायच्या आधी हे वाच,
कारण सोहारहून कुणाचा फोन येईपर्यंत
मी परभणीत गाढ झोपलेली असेन.

पहिलं पान रिकामं वाटेल. तसं ते नाही.
माणसाने बोटांनी भरायचे आकडे तेवढे तिथे, निळ्या अक्षरांत:
जेवणाचा भत्ता, ओव्हरटाइमचा दर, रमजानचे तास.
निळ्याला हात लाव. काळ्याला नको.
काळं म्हणजे सूत्र, म्हणजे जातं.
तू मुठीने दाणे घाल, पीठ त्याला पाडू दे.

दर बदलला तर याच एका जागी बदल.
पूर्वी तो एकोणतीस ठिकाणी लिहिलेला होता,
आणि दर वेळी अठ्ठावीसच सापडायचे.

सुटी शनिवार-रविवारची, असं हे यंत्र जन्मतःच धरून चालतं.
आपली शुक्रवार-शनिवार,
मचाणावरच्यांना नुसता शुक्रवार.
तेही लिहून ठेवलंय, कुठून घेतलं त्यासकट.
दशांशापुढे तीन घरं, बैशांची.
दोनवर तोडू नकोस.
एकेकाचे चार-पाच बैसे, पण माणसं चारशे:
कुणाचं तरी रात्रीचं जेवण जातं त्यात.

आता ओळ दोनशे चौदा.

दिलबहादूर घर्ती मगर, मचाण बांधणारा.
जूनमध्ये खिडकीशी आला, भुवयांपर्यंत धूळ.
म्हणाला, मॅडम, अकरा रियाल कम.
मी फाइल उघडली, बेरीज पाहिली.
बेरीज बरोबर होती.
म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही.
त्याच्या हातात वही होती,
पेन्सिलीच्या काड्या, पाच-पाचच्या जुड्या.
त्याने ती मिटली आणि खिशात घातली.

ऑक्टोबरात कळलं.
कधीतरी, एका महिन्यापुरतं, घाईत
कुरियनसाहेबांनी सूत्र पुसून तिथे आकडा टाकला होता.
वरच्या दोनशे तेरा ओळी दळत होत्या, खालच्याही.
मधली ही एक गप्प,
चौदा महिने त्याच जुन्या पगारावर.
दिसायला इतरांसारखीच. काळीच.
कुरियनसाहेबांना काय बोलू?
त्यांनी मला गाडी शिकवली.
आणि चौदातले नऊ महिने माझे होते.

दिलबहादूर ऑगस्टमध्येच गावी गेलेला.
एकशे बारा रियाल, चारशे बैसे.
कुणाच्या तरी मेहुण्याच्या हाती पाठवले.
पोचले की नाही, ते कुठल्याच पानावर नाही.

तेव्हापासून तळाशी एक चौकट आहे.
तीच बेरीज ती दोन वाटांनी करते,
एकदा माणसांवरून, एकदा तासांवरून,
मग एकातून दुसरी वजा.
शून्य आलं तर हिरवी.
लाल असेल तर बँकेला काही पाठवायचं नाही,
मुदीर दारात घड्याळ बघत उभा राहिला तरी.

पण हिरवं दिसलं की लगेच उठूही नकोस.
जूनमध्ये माझीही बेरीज बरोबर होती.

खिडकीची काच पुसली आहे.
कुणी वही घेऊन आला
तर आधी त्याची वही बघ, मग फाइल.

आणि बादली रोज सकाळी ओत.
दुपारपर्यंत भरते.