टाकी किती चढायची

फॉर्ममध्ये एक रकाना आहे : कमाल उंची.
बाकीचं दुपारपर्यंत भरून झालं.
व्यास आडवा बेचाळीस फूट, उभा एकेचाळीस फूट आठ इंच,
टेप दोनदा धरला, दोनदा तेच.
पत्रा पाच मिलिमीटर, जिथं उरलाय तिथं.
खांब आठ, चाळीस फुटी.
रिव्हेट मोजायला घेतले नि सोडले.
हौदात हिरवं पाणी, एक चप्पल,
आणि वॉचमनच्या म्हणण्यानुसार कासव.

उपडं घंगाळ पाण्यात ठेवावं
तशी ही गॅसची टाकी बसून आहे चौतीस वर्षं.
गॅस भरला की वर यायची,
भट्ट्यांनी ओढला की खाली,
एवढं मला पुस्तकातनं माहीत.
किती वर, ते कुठंच नाही.
आकड्यांची फळी कुणाच्या तरी चुलीत गेली,
रजिस्टरं जयंती नाल्याच्या पुरात,
किंवा पुराचं निमित्त झालं.
सोमवारी कटर येणार.

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत
शेवंताक्का लोहार म्हणाल्या,
"मला इचार की.
मी काय घड्याळ बघत हुतो व्हय?
सकाळी टाकी चढल्याली, ह्यांस्नी डबा द्यायचा.
बसाय लागली की पीठ मळाय घ्यायचं.
पार बसली की धनी दारात."

मग जरा थांबून,
"एकदा बसली ती उठलीच न्हाई.
गल्लीतलं समदं धनी एकदमच घरी,
भर बाराला.
कुणाचंच पीठ मळल्यालं नव्हतं."

मला त्यांनी चुलीपाशी उभं केलं.
"हितनं दारातनं बघ.
तोरणाच्या खिळ्याला टेकायचं तिचं डोस्कं."
चूल ते दार नऊ फूट.
चूल ते टाकी दोनशे सोळा.
खिळा सहा फूट दोन इंचांवर.
अक्कांच्या डोळ्याची उंची घेतली, चार फूट दोन,
आणि वहीत त्रिकोण काढला.
उत्तर आलं बावन्न फूट.
खांबांच्याही वर बारा फूट,
उघड्या आभाळात.

"तवा मी अशी वाकल्याली हुतो व्हय?"
अक्का हसल्या.
"त्यो आरसा बघ. लगीन होऊन आलो त्या सालचा.
ह्यांनी माझ्या डोळ्यासमोर धरला नि खिळा ठोकला.
आता त्यात निस्ता पत्रा दिसतोय मला."
आरशाच्या मधोमध टेप लावला.
चार फूट दहा.

भंगारवाले चौगुले फोनवर आकडे मागत होते,
वजन काढायचं होतं.
जाडी दिली, व्यास दिला, धन्यवाद म्हणाले.
ही उंची त्यांना नकोच होती.
चढलेल्या टाकीत
बसलेल्या टाकीपेक्षा एक किलोही लोखंड जास्त नसतं.

रकाना भरला.
शेऱ्यात लिहिलं :
आधार – तोरणाचा खिळा, भिंतीवरचा आरसा,
माहिती देणाऱ्या बाईंची तेव्हाची उंची.
साहेब खोडतील बहुतेक.

"ल्हिलंस? मग वाच."
वाचलं. छत्तीस फूट दहा इंच.

अक्का दारातनं बराच वेळ तिकडं बघत राहिल्या,
तिथं आता खांबांवर चार बगळे.
"एवढीच व्हय गं?
मला लई उच्च वाटायची."