खाडा

शुक्रवारी ऑगस्टाचं कार्यालय बंद.
सक्तीची रजा, बिनपगारी.
दारावर कागद मीच चिकटवला होता,
वाकडा लागला.

लायल थिबोदो, बर्फ हटवणारी गाडी, एकोणतीस वर्षं.
तीस भरायला अकरा दिवस कमी,
सरकारने घरी बसवलेले तेच अकरा.
त्या शुक्रवारीही बर्फ पडायचा थांबला नव्हता.
किल्ली खिशात, म्हणाला, आणि गाडीला हात लावायचा नाही.

पगार गेला तो गेला.
भट्टीत तेल कमी जाळलं,
हरणाचं मांस पुरवून पुरवून खाल्लं.
पण म्हातारपणातून खाडा कापायचा
हा कुठला हिशेब?

मार्चमध्ये विधिमंडळाने कायद्यात एक ओळ घातली:
असा दिवस सेवेत धरावा.
खंड मानू नये.

सोमवारी त्याचं पान उघडलं.
अकरा रिकाम्या चौकटी.
अकरा वेळा एक लिहिला,
करू न दिलेल्या कामाचा.

फोन केला. पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग: "तुमच्याकडे पडतोय का आज?"

मी बाहेर पाहिलं. पडत होता.
माझे स्वतःचे नऊ
अजून भरायचे होते.