रजिस्टरप्रमाणे

अर्जाची पहिलीच ओळ:
उमेदवाराचे नाव, शाळेच्या रजिस्टरप्रमाणे.
पेन अडलं.
बत्तीस वर्षांत हे नाव मी कुठे लिहिलं नव्हतं,
रेशन कार्डावर नाही, डेपोच्या हजेरीवर नाही,
सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर तर नाहीच नाही.
शैला रामदास निमसे.
लिहून झाल्यावर वाटलं,
भलत्याच बाईच्या नावाने तिकीट फाडलं.

मी सीबीएसची कंडक्टर. बहुतेक सिन्नर, कधी कळवण.
"पुढे सरका, मध्ये जागा आहे" म्हणण्यात
बावीस वर्षं गेली,
मला कुणी पुढे सरक म्हटलं नाही.
म्हणाली ती रेहाना, गणेशवाडीत ब्लाउज शिवते,
तोंडात टाचण्या धरून म्हणाली,
"चालत्या गाडीत उभी राहतेस ना,
मग इथे राहायला काय होतंय?"

समोर श्रीकांत थेटे.
आमच्याच वर्गाचा मॉनिटर,
बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा.
आता गंगापूर धरणाच्या बाजूला रिसॉर्ट आहे त्याचं.
जाहीरनामा गुळगुळीत कागदावर: एसी सभागृह, एलईडी कमान.
सगळ्या बॅचेसना त्याने मिसळ घातली,
पापड, दही, वर रस्सा न मागता.
मीही खाल्ली. खोटं कशाला बोलू, फर्मास होती.

मग यादी हातात आली. नऊशे बारा नावं.
मुलांपुढे फोन, हुद्दा, फ्लॅट नंबर.
मुलींपुढे: पत्ता अपुरा. पत्ता अपुरा. लग्न झाले.
पत्ता अपुरा.
एकीपुढे नुसतंच: गेली.
ओझरला की देवाघरी,
एवढं विचारावंसं कुणाला वाटलं नव्हतं.

प्रचार म्हणजे मी बायका शोधत फिरले,
दर साप्ताहिक सुट्टीला.
सातपूरच्या कॉलनीत मंगल पिंगळे,
लग्नात तिची मधुरा झालेली.
दारातून हाक मारली, मंगल!
तिने आधी मागे वळून पाहिलं,
घरात आणखी कोण आहे ते.
देवळाली कॅम्पात जिजा कोथुळे भेटली,
चहा टाकला, साखर विसरली,
आणि दबक्या आवाजात विचारलं,
"मत द्यायला आधार कार्ड लागेल?
त्यात मी वेगळी आहे गं."

लागलंच. मतदानाच्या दिवशी थेट्याच्या माणसाने
एकेकीला टेबलापाशी अडवलं,
नाव जुळत नाही.
रांग थांबली. सिग्नलला थांबते तशी, मागून हॉर्नसकट.
तेव्हा पुढच्या बाकावर बसलेल्या हिंगे बाई उठल्या,
वय चौऱ्याऐंशी, काठी आपटत आल्या.
"ही? हिने भूमितीच्या तासाला बाकाखाली चिंचा खाल्ल्या.
ही उंच उडीत पडली, टाके घालायला मीच नेली.
आणि ही रडकी. अजून आहेस का गं?
घ्या लिहून. पुरावा पाहिजे ना तुम्हाला?"
त्याने लिहून घेतलं. खरोखर, चिंचांसकट.

नऊ मतांनी पडले.
थेटे येऊन हात मिळवून गेला, हात मऊ आहे त्याचा.
जाताना म्हणाला, ती दुरुस्त केलेली यादी देशील का?
दिली.
माझ्याकडे कार्बन आहे. कंडक्टर आहे मी.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचची सिन्नर.
रेहानाचा फोन, पुढच्या खेपेला बोर्ड मी शिवते कापडी.
मी म्हटलं, आधी गाडी तर सुटू दे.

यादी आता पैशांच्या बॅगेत असते,
सुट्ट्या नाण्यांनी मळलेली.
सगळ्यांपुढे काही ना काही लिहिलंय,
फक्त विजया बोडके, त्याच एका शब्दावर.
वय त्रेपन्न असेल. डाव्या भुवईवर व्रण,
खो-खोच्या खांबाचा.
मोहदरीचा घाट लागतो, खिडक्या उजळतात.
बायकांची अर्धी तिकिटं काढत मी सीटमागून सीट जाते,
कपाळं बघत.
कुठे जायचंय, हे विचारायचंच असतं.
हल्ली त्याआधी, जरा हळू, आणखी एक विचारते:
कुठल्या तुम्ही?